हंडा, पाळणा आणि विकास

१९७४ साली बुखारेस्ट येथे भरलेल्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. करणसिंग यांनी, विकास हेच सर्वांत परिणामकारक संततिनियमन होय, अशा आशयाचे विधान केले आणि ते जगभर गाजले. पुढे दोनच वर्षांनी, एप्रिल १९७६ मध्ये, राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर करताना त्याच मंत्र्यांना विकासाची वाट पाहत बसणे परवडणारे नाही असे सांगावे लागले. त्यानंतर काय घडले हे सर्वश्रुत आहे. परंतु बुखारेस्टचे ते वाक्य मात्र मेले नाही. आजही ते अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आणि मंत्र्यांच्या भाषणांत सुखेनैव नांदत आहे. रस्ता आला, वीज आली, कारखाना आला की घरातील पाळणा आपोआप थांबतो, असा त्याचा सरळ अर्थ घेतला जातो. हा अर्थ कितपत खरा आहे, आणि तो तपासताना आपण ज्या घरात पाळणा हलतो त्या घरातील श्रमांचा विचार कधी केला आहे काय, हा प्रश्न रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात विचारण्यासारखा आहे.

प्रथम दूरच्या देशांतील दोन दाखले पाहू. इथिओपियाच्या दक्षिणेकडील अर्सी भागात १९९६ नंतर काही खेड्यांत पाण्याचे नळ बसविण्यात आले. तोवर तेथील स्त्रिया मातीचे घडे पाठीवर घेऊन तासन् तास चालत असत. नळामुळे ती पायपीट काही मिनिटांवर आली. म्हैरी गिब्सन आणि रूथ मेस या दोन संशोधक स्त्रियांनी नळ आलेल्या आणि न आलेल्या खेड्यांची तुलना करून २००६ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो विकासवाद्यांना बुचकळ्यात टाकणारा होता. नळ आलेल्या खेड्यांत बालमृत्यू घटले खरे. पण जन्म वाढले, आणि तान्ह्या मुलांतील कुपोषणही वाढले. मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पातल्या एका माया खेड्यात १९७० च्या दशकात पाण्याचा पंप व मका दळण्याची गिरणी आली. तेथेही स्त्रियांना पहिले मूल पूर्वीपेक्षा लवकर होऊ लागले आणि कुटुंबे मोठी झाली, असे कॅरेन क्रेमर यांना आढळले.

यातील कारणमीमांसा साधी आहे. स्त्रीच्या शरीरात येणारी शक्ती मर्यादित असते. ती हंडे वाहण्यात, दळण्याकांडण्यात आणि मोळ्या आणण्यात खर्च झाली की गर्भधारणेसाठी उरत नाही. दोन बाळंतपणांतील अंतर आपोआप लांबते. कष्ट कमी झाले, पण अन्न, शिक्षण, औषध आणि निर्णयाचा अधिकार जेथल्या तेथे राहिला, तर वाचलेली शक्ती पुढच्या गर्भाकडे वळते. तज्ज्ञांत या मीमांसेच्या तपशिलाविषयी मतभेद आहेत, पण तिच्यामुळे एक गोष्ट लक्षात येते. ‘विकास’ ही एक वस्तू नव्हे. नळ, गिरणी, शाळा, दवाखाना, कारखाना, मनीऑर्डर या निरनिराळ्या वस्तू आहेत. त्यांतील प्रत्येकीचा घरकामावर आणि जन्मांवर होणारा परिणाम निराळा, कित्येकदा परस्परविरोधी असतो. कोणती वस्तू घरात आधी येते आणि कोणती नंतर, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

महाड-पोलादपुरात या वस्तू कोणत्या क्रमाने आल्या? सह्याद्रीच्या कुशीतील हा प्रदेश. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. पण खाली काळा पाषाण आणि उतार असा की पडलेले पाणी सावित्रीतून पाहता पाहता खाडीला मिळते. श्रावणात जेथे घराबाहेर पडणे मुश्कील, तेथेच एप्रिल-मे महिन्यांत डोंगरावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. भातशेतीचे तुकडे लहान. वर वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण, गवत पसरून राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर पेरायचे, इरले पांघरून चिखलात ओणवे राहून लावणी करायची, मग बेणणी, कापणी, झोडणी. आणि भात घरात आले म्हणजे काम संपले असे नव्हे, तेव्हा कुठे ते सुरू होई. घरातल्या माणसांना दोन वेळ पुरेल इतका तांदूळ उखळात कांडून काढायचा, नाचणी जात्यावर दळायची, डोक्यावर चुंबळ ठेवून पाणी आणायचे, रानातून मोळी आणायची. यातील नांगर धरण्याचे काम सोडले तर बहुतेक सारे बाईच्या आणि मुलांच्या वाट्याचे. डेन्मार्कच्या अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसेरप यांनी १९७० साली, नांगराची शेती असते तेथे पुरुषाकडे शेत आणि बाईकडे घर अशी विभागणी होते, असे मांडले. कोकणातल्या बाईने हे पुस्तक वाचले असते तर ती हसली असती. तिच्याकडे शेतही होते आणि घरही होते, कारण नांगर धरणारा मुंबईला होता.

कोकणच्या लोकसंख्येचा इतिहास ज्याला समजून घ्यायचा आहे त्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. खोताच्या जमिनी कसून पोट भरत नव्हते. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्यानंतर. तोवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घरटी एक-दोन पुरुष गिरण्यांत, गोदीत, पलटणीत जाऊन राहिले होते. १९११ च्या जनगणनेत एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून अधिक लोक मुंबई शहरात नोंदले गेले. त्याला लागून असलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या दक्षिणेची स्थिती वेगळी नव्हती. १९२१ साली मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. उरलेल्या स्त्रिया कोठे होत्या, याचे उत्तर कोकणातील वाड्यांत मिळते. रत्नागिरी जिल्ह्यात २००१ साली आणि २०११ सालीही हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. नवरा वर्षातून गणपतीला, शिमग्याला आणि जमल्यास मे महिन्यात येणार. बाकीचे दहा-अकरा महिने त्याची मनीऑर्डर येणार. कोणत्याही सरकारने न आखलेली, कोणत्याही दवाखान्याने न चालविलेली अशी ही एक संततिनियमनाची व्यवस्थाच होती म्हणा ना! तिची किंमत बाई आपल्या एकटेपणाने आणि कंबरेने मोजत होती. तिच्यामुळे जन्मांत अंतर पडले असेल. पण ते बाईच्या इच्छेने पडलेले अंतर नव्हते. आणि जन्मलेल्यांपैकी किती जगतील याचीही शाश्वती नव्हती.

मग अशा घराला मुले हवीच का असत? या प्रश्नावर विद्वानांत मोठा खल झाला आहे. महमूद ममदानी यांनी १९७२ साली पंजाबातील एका खेड्याविषयी लिहिताना, गरीब शेतकऱ्याला मुले जास्त होतात म्हणून तो गरीब असतो असे नसून मुलांचे हात हीच त्याची पुंजी असते, असे प्रतिपादन केले. उलट मायकेल व्हलासॉफ यांनी १९७० च्या दशकात आपल्याच सातारा जिल्ह्यातील एका गावात मुलांच्या कामाचा प्रत्यक्ष हिशेब मांडला, तेव्हा ते काम अपेक्षेपेक्षा पुष्कळच थोडे भरले. मला वाटते, कोकणच्या डोंगरी भागात दोन्ही म्हणणी अर्धी अर्धी खरी आहेत. दोन-चार गुंठ्यांच्या खाचरात दहा वर्षांच्या मुलाने करावे असे फार काही नसते. त्याचा उपयोग शेतात नसून घरात असतो. गुरे राखणे, धाकट्याला कडेवर घेणे, दुपारी झऱ्यावर भांडे लावून बसणे, सांजवेळी कोंबड्या डालणे ही कामे कोणत्याही हिशेबात धरली जात नाहीत. पण ती करणारे कोणी नसेल तर आईला लावणीला जाता येत नाही. विशेषतः थोरली मुलगी ही त्या घरातली दुसरी बाई असते. मुलाची किंमत वेगळी, ती पुढे मुंबईहून येणाऱ्या पैशात. जॉन काल्डवेल या ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७६ साली असे मांडले की, जोवर घरातील संपत्तीचा ओघ मुलांकडून आईबापांकडे वाहतो तोवर जन्म घटत नाहीत. ओघ उलटा फिरला, आईबापांनी मुलांवर खर्च करण्याचे दिवस आले, की ते घटतात. काल्डवेलचा अभ्यास पश्चिम आफ्रिकेतला. पण गिरगाव-परळच्या पोस्टातून पोलादपूरच्या पोस्टात येणारी मनीऑर्डर म्हणजे या सिद्धांताचे मूर्तिमंत उदाहरणच नव्हे काय?

हा ओघ फिरवला शाळेने. जिल्हा परिषदेची शाळा वाडीवाडीवर पोहोचली आणि मुलाचे दहा ते पाच हे तास घरातून गेले. त्याच्या पाठीवर दप्तर, अंगावर गणवेश आला. पुढे महाडच्या महाविद्यालयाची फी, एस. टी.चा पास. मूल हे खर्चाचे कलम झाले. दुसरीकडे मरण मागे हटले. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी महाराष्ट्रात हजार जन्मांमागे शंभराच्या आसपास अर्भके वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा १६ वर आला. जन्मलेले मूल जगणार याची खात्री पटल्याखेरीज कोणतीही आई पुढच्याला नको म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एका स्त्रीला आयुष्यात होणाऱ्या मुलांची सरासरी १९९२-९३ मध्ये २.९ च्या जवळ होती. २०१९-२१ मध्ये ती १.७ झाली. लोकसंख्या स्थिर राखण्यासाठी २.१ लागते असे मानतात. म्हणजे ज्या ‘स्फोटा’ची भीती घालून माझ्या पिढीला निबंध लिहावयास लावले गेले, तो विझून काही वर्षे लोटली आहेत.

मात्र ही घट विकासाने आपोआप घडवली असे म्हणणे म्हणजे एका हाताचे श्रेय दुसऱ्याला देणे होय. तिचे प्रत्यक्ष साधन होते शस्त्रक्रिया, आणि ती झाली बाईवर. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही भरत नाही. हे नेहमी असेच होते काय? नाही. साठ-सत्तरच्या दशकांत महाराष्ट्र पुरुष नसबंदीच्या शिबिरांसाठी प्रसिद्ध होता. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते, ज्याला राष्ट्रपतींची संमती कधीच मिळाली नाही. त्या जुलुमाचा निषेध योग्यच होता. परंतु त्यातून पुरुषांनी जो धडा घेतला तो एवढाच की, हे काम आता बायकांनी करावे. सरकारनेही तो मुकाट्याने मान्य केला. आणीबाणीनंतरची पन्नास वर्षे राज्याचा कुटुंबनियोजन कार्यक्रम स्त्रीच्या पोटावरील टाक्यांवर चालला आहे. शस्त्रक्रियेनंतर जड उचलू नका असे डॉक्टर सांगतात. ज्या घरात पाणी डोक्यावरून येते त्या घरात या सल्ल्याचे काय होते, हे कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका सांगेल.

येथे दोन नावे घेतल्याखेरीज पुढे जाता येत नाही. १९२७ हे साल महाडच्या इतिहासात चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने अमर झाले. त्याच वर्षी जुलैत मुंबईत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. आपले संततिनियमन केंद्र तर त्यांनी १९२१ सालीच उघडले होते. महाडला मार्चमध्ये पाण्याचा हक्क बजावला गेला आणि डिसेंबरच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण करून मुलींना शिकविण्याचा आग्रह धरला. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आला, पी. जे. रोहम यांनी तो मांडला आणि तो फेटाळला गेला. प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वाट्याला आल्या असत्या तर एकाहून अधिक मूल कोणी पत्करले नसते, हा त्यातील युक्तिवाद अजून शिळा झालेला नाही. पाणी आणि पाळणा हे दोन्ही प्रश्न मुळात सत्तेचे आहेत, हे महाडशी नाव जोडलेल्या या नेत्याने ओळखले होते. आपण मात्र एकाला अभियंत्यांच्या आणि दुसऱ्याला डॉक्टरांच्या स्वाधीन करून मोकळे झालो.

आता घरातल्या श्रमांकडे वळू. विकासाने ते कमी केले नाहीत असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. भाताची गिरणी आणि पिठाची चक्की या दोन यंत्रांनी कोकणच्या बाईवर जे उपकार केले ते कोणत्याही योजनेने केलेले नाहीत. पहाटेचे जाते आणि दुपारचे उखळ गेले, ते कायमचेच गेले. त्यांच्याबरोबर ओव्या गेल्या म्हणून हळहळणाऱ्यांनी एक पायली भात कांडून पाहावे आणि मग हळहळावे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने गॅसची शेगडी बऱ्याच घरांत पोहोचवली. पण दुसरे सिलिंडर भरण्याला पैसे लागतात आणि रान घरामागे फुकट आहे, म्हणून चूल विझलेली नाही. पाण्याचे काय? जलजीवन अभियानाने २०१९ पासून दरडोई दररोज ५५ लिटर हे माप ठरवले आहे. माप चांगले आहे. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने २७५ लिटर पाणी लागते. डोक्यावर दोन हंडे आणि कमरेला कळशी अशी तयारीची बाई एका खेपेला फार तर तीस लिटर आणू शकेल. म्हणजे नऊ-दहा खेपा. झरा जाऊन-येऊन अर्ध्या तासावर असेल तर साडेचार ते पाच तास. अर्थात इतके पाणी कोणी आणत नाही. चार खेपांत भागवतात आणि उरलेले आंघोळीत, कपड्यांत नि स्वतःच्या तहानेत कापतात. उन्हाळ्यात नळाची तोटी कोरडी पडली की हाच हिशेब परत लागू होतो. योजना कागदावर पूर्ण असते, कारण तिची तपासणी बहुधा पावसाळ्यानंतर होते.

याच्या जोडीला एक नवे ओझे आले, त्याची दखल फारशी कोणी घेतलेली नाही. मूल शाळेत गेले ही अत्यंत इष्ट गोष्ट घडली. पण ते करीत असलेले काम शाळेत गेले नाही, ते घरीच राहिले. गुरे कोणी राखायची? तान्ह्याला कोणी सांभाळायचे? ते आईने आणि सासूने वाटून घेतले. पुरुषाने घेतले असे दिसत नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली देशव्यापी वेळ-वापर पाहणी प्रथमच केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७, असे तीत दिसले. शिवाय असे काही काम करणारे पुरुष चारांत एक, तर स्त्रिया पाचांत चार. २०२४ च्या पाहणीत बायकांचा आकडा २८९ वर उतरला. पाच वर्षांत दहा मिनिटे! आणि पुरुषांचाही उतरून ८८ झाला, हे विशेष. जन्मदर निम्म्यावर यायला जेवढा काळ लागला तेवढ्या काळात या वेगाने घरकाम किती घटेल, याचे गणित विद्यार्थ्यांनी करून पाहण्यासारखे आहे.

मोजणीचाही पक्षपात पाहा. गोखले अर्थशास्त्र संस्थेने नाशिक, कुलाबा व उत्तर सातारा या जिल्ह्यांतील जननाची पाहणी करून तिचा अहवाल १९५५ साली प्रसिद्ध केला, ना. वि. सोवनी आणि कुमुदिनी दांडेकर यांचे ते काम. म्हणजे आपल्या जिल्ह्यातील बाळंतपणांची मोजदाद सत्तर वर्षांपूर्वी झाली. बायकांच्या तासांची मोजदाद मात्र १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत प्रयोगादाखल झाली, तीत महाराष्ट्र नव्हता. सरकारला बाईने किती मुले जन्माला घातली याची चिंता नेहमीच होती. ती किती वेळ राबली याची नव्हती.

बिरवाडीजवळच्या औद्योगिक वसाहतीने या चित्रात एक बदल केला, तोही लक्षात घेतला पाहिजे. रासायनिक कारखाने आले. सावित्रीच्या पाण्याची जी दशा झाली तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. परंतु १९८२ च्या गिरणी संपाने मुंबईची वाट अरुंद केल्यावर आसपासच्या गावांतील तरुणांना पाळी संपवून रात्री घरी परतता येईल असा रोजगार मिळाला. शंभर वर्षांचा नवरा-बायकोचा विरह काही घरांपुरता तरी संपला. जुन्या हिशेबाप्रमाणे या घरांत जन्म वाढायला हवे होते. ते वाढले नाहीत, कारण तोवर शाळा, दवाखाना आणि दोन मुलांनंतरची शस्त्रक्रिया घरात पोहोचली होती. इथिओपियातील खेड्यात आणि आपल्या वाडीत फरक आहे तो या क्रमाचा. तेथे नळ आधी आला, बाकीचे मागे राहिले. येथे बाकीचे आधी आले, नळ मागे राहिला. म्हणून तेथे कष्ट घटून जन्म वाढले आणि येथे जन्म घटूनही कष्ट राहिले. मात्र कारखान्यातील कायम स्वरूपाच्या नोकरीत बाई क्वचितच दिसते. तिच्या वाट्याला तीन पाळ्यांचे तीन डबे आले.

आणि वरच्या वाड्यांत काय चालले आहे? पूर्वी पुरुष जात, आता कुटुंबे जातात. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, तीही महाड शहराला बगल देऊन वीरवरून आणि पोलादपूरला लांब ठेवून गेली. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण येथे, आणि २०२१ च्या जुलैत तळिये येथे दरडी कोसळल्या. डोंगराखाली राहण्याची भीती त्यामुळे अनेकांच्या मनात कायमची बसली. सून दिव्याला किंवा नालासोपाऱ्याला दोन खोल्यांत, एका मुलाला किंवा दोघांना वाढवते. सासू वाडीत एकटी. नातवाला सांभाळायला सुनेला सासू हवी असते आणि घर, गाय, खाचर सोडून सासूला येववत नाही. लेकरे कमी झाली, पण ज्या बाईने ती कमी केली तिच्या म्हातारपणी पाणी आणून द्यायलाही कोणी उरले नाही. छोट्या कुटुंबाचा हा हिशेब पूर्वीच्या त्रिकोणी जाहिरातींत दाखवलेला नव्हता.

शासनाची दृष्टी अजून जुन्याच आकड्यांत अडकलेली आहे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढविता येत नाही. हा नियम महाराष्ट्रात कायम आहे, आंध्र प्रदेशाने आपला असा नियम २०२४ मध्ये मोडीत काढला. तिकडचे मुख्यमंत्री आता अधिक मुले होऊ द्या म्हणून सांगू लागले आहेत. काल नको म्हणून बाईला धाक, उद्या हवी म्हणून बाईला आर्जव. तिच्या दिवसाचे चोवीस तास मात्र कोणाच्याच चर्चेत नाहीत. २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये काही जण घरकामाची कदर म्हणून गौरवितात. गरीब बाईच्या हाती पैसा जातो याचे स्वागतच केले पाहिजे. तथापि २८९ मिनिटांच्या दिवसाला पन्नास रुपये म्हणजे तासाला सुमारे दहा. याला कदर म्हणणे धाडसाचे होईल.

त्याहून गंभीर बाब शाळेची. मुले घटल्यामुळे वाडीवरच्या शाळांचा पट विसाखाली आला, आणि २०२३ मध्ये अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याची कल्पना शिक्षण खात्याने पुढे केली. हिशेबाच्या दृष्टीने ती सोयीची आहे. पण डोंगराळ तालुक्यात चार-पाच किलोमीटरवरील शाळेत सात वर्षांच्या मुलीला जुलैच्या पावसात पोहोचवणार कोण? पुन्हा आईच. किंवा मग मुलगी घरी राहील आणि हंडा घेईल. म्हणजे ज्या शाळेने पाळणा थांबवला, तीच शाळा पाळणा थांबला या कारणाने बंद करायची! प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांनी या प्रश्नाला बदल्या आणि पदे यांच्यापलीकडे जाऊन हात घातला, तर आईबापांचा पाठिंबा त्यांना मिळेल.

खर्चाचा प्रश्न काढणाऱ्यांना उत्तर आहे. पोलादपूर तालुक्याची सगळी लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत. डोंगरातील झरे बांधून काढणे, पावसाळ्याचे पाणी टाक्यांत साठवणे, वाडीच्या वरच्या बाजूला तळे खोदणे यांना महामार्गाच्या एका पुलाइतकाही पैसा लागणार नाही. आरोग्य खात्याने पुरुष नसबंदीचा विषय पुन्हा उघडावा. ती शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची आहे हे डॉक्टर जाणतात, पण शिबिराचे उद्दिष्ट पूर्ण करताना बोलावले जाते बाईलाच. औद्योगिक वसाहतीत पाळणाघर आणि स्त्रियांना नोकरी यांचा आग्रह लोकप्रतिनिधींनी धरावा.

आणि मोजणी गावानेच सुरू करावी. महाराष्ट्रात १ मे रोजी ग्रामसभा भरते. झरे आटलेले असतात, टँकर सुरू असतो, आणि मुंबईचे चाकरमानी सुट्टीसाठी गावी आलेले असतात. पाणी आणि पुरुष यांची हजेरी घेण्याला याहून योग्य दिवस नाही. घरटी किती खेपा झाल्या, त्यांना किती वेळ लागला आणि त्या कोणी घातल्या, एवढे तीन रकाने ग्रामसेवकाने त्या दिवशीच्या इतिवृत्तात भरावेत. शाळेतल्या गुरुजींनी ती वही पुढच्या वर्षीच्या वहीशी ताडून पाहावी, आणि पाणीपुरवठ्याचा अभियंता पूर्णत्वाचा दाखला घेऊन आला की सही करण्यापूर्वी सरपंचाने ती त्याच्यापुढे ठेवावी.